उठवलेली बॅटरी

नाही, टेबलावर नको. खाली ठेव, फरशीवर, त्या वाळूच्या बादलीशेजारी. माझ्याकडे मेलेली बॅटरी थेट टेबलावर चढत नाही, आधी जमिनीवर बसते, मग मी ठरवते तिला वर घ्यायचं की नाही. माणसांचंही तसंच आहे म्हणा, पण तू बस, त्या स्टुलावर बस. पुसतोस कशाला, स्वच्छ आहे — बरं, पूस बाबा, पूस, रुमाल तुझाच आहे. तर सगळी दुकानं पालथी घातलीस आणि सगळ्यांनी हात वर केले. करणारच. चार्जर लावला तरी दिवा लागत नाही, म्हणजे ही नुसती उतरलेली नाही, ही तळाच्याही खाली गेली आहे. आणि मग कुणीतरी सांगितलं, त्या कोपऱ्यावरच्या म्हातारीकडे जा, ती मेलेल्यांना उठवते. कोण म्हणालं? समोरचा टायरवाला ना? त्याच्या जिभेला हाड नाही. मी उठवत नाही. मला उठवता येतं. या दोन गोष्टींत फरक आहे, तो त्याला इतक्या वर्षांत कळला नाही, तुला एका दिवसात कुठून कळणार.

खुर्चीची आहे, चाकांच्या. मला सांगू नकोस, आकार दिसतोय की. बसणाऱ्याच्या खालीच बसवतात ही, बरोबर मांड्यांखाली. माणूस हॉस्पिटलात होता आणि खुर्ची कोपऱ्यात पडून होती, असंच ना? आणि खटका चालूच राहिला. कुणाच्या लक्षात येतंय, माणूस मरणाच्या दारात असताना खुर्चीचा खटका कोण बघतो. पण खुर्चीच्या हातावर एक बारका दिवा असतो, मुंगीच्या डोळ्याएवढा — तो पीत राहिला, दिवसरात्र, कुणाच्या नकळत. बॅटरीची एक हद्द असते, तिथवर उतरली की आतली ही हिरवी पट्टी दार लावून घेते. हिला मी दारवान म्हणते. दारवान म्हणतो, बास, आता कुणाला काही मिळणार नाही. पण दार लावलं तरी दारवानाचं स्वतःचं पोट असतंच ना, तोही थोडं थोडं खातो, आणि बॅटरी आतल्या आत झिरपत राहते. खाली, खाली, आणखी खाली. मग महिन्यांनी तुम्ही चार्जर घेऊन येता तेव्हा दारवान दारच उघडत नाही. लोक म्हणतात, बॅटरी खराब झाली, दारवान मेला. मेला नाही, शहाणा आहे तो. त्याला माहीत आहे आत काय झालंय ते.

काय झालंय? तुला खरंच ऐकायचंय, की वेळ काढतोयस? ऐक मग. आत तांब्याचा पातळ पत्रा असतो, कांद्याच्या पापुद्र्यासारखा, गुंडाळून ठेवलेला. बॅटरी हद्दीच्या खाली गेली आणि तशीच पडून राहिली की ते तांबं विरघळायला लागतं, आतल्या रसात उतरतं. बाहेरून बघशील तर काही नाही — फुगलेली नाही, वास नाही, ही बघ, किती सोज्वळ दिसतेय, लग्नाला उभी केली तर कुणीही पसंत करेल. आणि अशी पडून राहिली तर ती कुणाचं काही वाईटही करत नाही. मेलेली बॅटरी जाळत नाही रे. उठवलेली जाळते. तुम्ही तिला पुन्हा भरायला घेता, आणि ते विरघळलेलं तांबं नको तिथे जाऊन बसतं, कण कण, सुईसारखं. सुई वाढत जाते. मधे एक पडदा असतो, कागदाहून पातळ. आज नाही, उद्या नाही, पण एक दिवस सुई पडद्यातून पलीकडे जाते. मग बॅटरी पेट घेते; ती आग पाण्याने झटकन विझत नाही, आणि पळायला वेळही देत नाही.

कुठे शिकले म्हणतोस? कुठे नाही. आमचं दुकान होतं, भाड्याने विजेच्या सायकली द्यायचो. नव्या बॅटरीच्या प्रत्येक खोक्यात घडी घातलेला कागद यायचा, मुंग्यांच्या रांगेसारखं अक्षर. पुरुषमाणसं त्याला हात पुसायची. मी त्यावर वाचायला शिकले, नवऱ्याला विचारून विचारून, आणि मी माझी मी वाचलेला पहिला शब्द होता ‘धोका’. हे हसले होते. म्हणाले, घरात शिरल्यावर पहिला शब्द हाच वाचायला हवा होतास. असे होते ते. तोंडाने कमी बोलायचे, पण बोलले की — जाऊ दे. 

दे ती इकडे, वर घेते. बघते म्हटलं, उठवते म्हटलेलं नाही. तो स्क्रूड्रायव्हर दे, नाही, बारका, पिवळ्या मुठीचा.

तर दुकान दोघा भावांचं. हे थोरले, आणि धाकटा माझा दीर. दिराला सगळे डॉक्टर म्हणायचे. शाळेची पायरी अर्ध्यात सोडलेली, पण डॉक्टर — का, तर मेलेल्या बॅटऱ्या उठवायचा. सुट्ट्यांचे दिवस संपले की सायकली भिंतीला लागायच्या, कुणी विचारायचं नाही, बॅटऱ्या तशाच उतरून जायच्या. मी ओरडायचे, अधूनमधून भरा, निदान काढून ठेवा. कोण ऐकतंय. मग पुन्हा गर्दी सुरू झाली की डॉक्टर एकेक मेलेली घ्यायचा, दोन वायरी लावायचा चांगल्या बॅटरीपासून तिच्यापर्यंत, दारवानाला वळसा घालून थेट आत, आणि दिला धक्का. उठली की सगळ्या दुकानाकडे बघायचा, जणू टाळ्या वाजवा. आणि लोक वाजवायचे. मी म्हटलं, भावजी, ज्या तळाखाली गेल्यात त्यांना हात लावू नका, या कागदावर लिहिलंय. तर म्हणाला, वहिनी, कागद वाचून पोळ्या फुगत नाहीत.

मग मी माझी रीत काढली. मीटर लावून बघायचे, आणि हद्दीखाली गेलेली असेल तिला लाल चिंधी बांधायचे. माझ्याच जुन्या परकराची. चिंधी बांधलेली भरायची नाही, ती वाळूत जायची. यांनी सांगितलं सगळ्यांना, चिंधीला हात लावायचा नाही, आणि यांचा शब्द दुकानात चालायचा. डॉक्टरला ते इतकं झोंबलं की काय सांगू. भर गिऱ्हाइकांत म्हणायचा, आता काय वहिनीच्या परकराला विचारून धंदा करायचा? लोक हसायचे. मीही हसायचे. तेव्हा हसायला लागायचं.

हं, हे बघ, उघडली. निळं कातडं, आत ओळीने उभ्या बारक्या नळकांड्या, यांनाच सेल म्हणतात. हिची स्थिती — नको, तुला आकडा सांगून काय करायचंय. हिला चिंधीच आहे. माझ्या रीतीने हिला चिंधीच.

ते दुपारी झालं. डॉक्टरने चार-आठ दिवसांपूर्वी एक उठवली होती, ती चांगली चालतही होती, तेच तर म्हणते मी, चालतात त्या. गिऱ्हाईक खूश, डॉक्टर खूश. त्या दिवशी ती भरायला लावली, जिन्याखाली, शटरच्या तोंडाशी, आणि हा जेवायला घरी गेला. हे आतल्या खोलीत पडले होते, जेवण झाल्यावर पडायची सवय. बॅटरी मधे आणि हे आत. मी वर दुकानाच्या गच्चीत धुणं वाळत घालत होते. आधी वास आला, गोडसर, औषधासारखा. मग हाक आली. तुला सांगते, यांनी लग्न झाल्यापासून मला कधी नावाने हाक मारली नव्हती. ‘अगं’ म्हणायचे, नाहीतर नुसतं खाकरायचे. त्या दिवशी नावाने मारली. पुन्हा मारली. मारत राहिले, आणि मी जिन्यावर अर्ध्यात, कारण जिना म्हणजे धुराची नळी झालेली. लोकांनी मला धरून ठेवलं. मग हाक थांबली. तेव्हापासून मला नावाने कुणी बोलावलेलं नाही, आणि कुणी बोलावू पण नये.

रुमाल कशाला काढतोस? ठेव खिशात. रडायचं असेल तर बाहेर. 

पुढचं ऐक, पुढचंच खरं आहे. लोक जमले, चौकशी करणारे आले, आणि डॉक्टर मधे उभा राहून रडला. चांगला रडला. म्हणाला, चिंधी नव्हती हो बॅटरीला. चिंधी असती तर मी हात लावला असता का? वहिनी बांधायला विसरली. झालं. जी चिंधी हसण्यावारी नेत होता तीच आता त्याला देवासारखी झाली. आणि सगळ्यांना पटलं. का नाही पटणार, चिंधी माझी, रीत माझी, मीच ती सगळ्यांच्या डोक्यात भरवलेली. ‘बिचारी विसरली’ — पहिल्या दिवशी बिचारी म्हणाले, महिन्याभराने नुसतं ‘विसरली’, आणि पुढे ‘हिनेच नवऱ्याला जाळलं’. टायरवाला अजून गिऱ्हाइकाला सांगतो, हात चांगला आहे हो म्हातारीचा, पण हिच्या हातून नवरा जळला. तुला नाही सांगितलं? सांगितलं असणार. मान खाली घालू नकोस, तू काही केलेलं नाहीस. अजून.

ती वायर धर. लाल. सोड आता, मी लावते. धक्का? देतेय ना. तुझ्यासाठी देतेय. तू एवढा दारोदार फिरलास, तोंड एवढंसं करून बसलास, ‘मावशी, कसंही करून’ म्हणालास. कसंही करून. बघू, उठली की हा लाल दिवा हिरवा होईल. तोवर बोलते.

मग घरात कपड्यांचा ढीग पडला. घर दुःखात असलं तरी धुणं पडतंच, आणि ते सुनेनेच धुवायचं, विधवा झाली म्हणून धुण्यातून सुटका होते थोडीच. दिराची ती पँट, काजळीने भरलेली. पुरुषांचे खिसे मी उलटे केल्याशिवाय बादलीत टाकत नाही — खिळे, पावत्या, काय काय ठेवतात. डाव्या खिशातून निघाली लाल चिंधी. थांब, दाखवते. या डबीत आहे. घे, हातात घे, चावत नाही. गाठ बघ. सुटलेली नाही, ओढून काढलेली आहे, म्हणून गाठ तशीच. ही गाठ टोक आतून फिरवून मी मारते, आमच्या आईने शिकवलेली, त्या घरात दुसऱ्या कुणाला येत नव्हती. म्हणजे मी बांधली होती. त्याने ओढून काढली, खिशात कोंबली, आणि बॅटरी उठवली. आणि मग भावाच्या राखेवर उभा राहून म्हणाला, वहिनी विसरली.

दे परत. डबीत. 

गेले ना, सासूबाईंकडे गेले चिंधी घेऊन. आंधळ्या नव्हत्या त्या. गाठ बघितली, बोटाने चाचपली, आणि माझी मूठ मिटवून दिली चिंधीसकट. म्हणाल्या, ‘एक गेला. दुसरा माझ्याकडून काढून घेऊ नकोस. मी आहे तोवर तरी.’ आता सांग, अशा बाईला काय म्हणणार तू? मी गप्प बसले. त्या बऱ्याच जगल्या. आणि त्या गेल्या तोवर दुकान डॉक्टरच्या नावावर, घर डॉक्टरच्या नावावर, आणि माझी पिशवी दाराबाहेर. तेव्हा ओरडले मी, मधल्या चौकात उभी राहून ओरडले. तर लोक म्हणाले, इतक्या वर्षांनी? चिंधी काय, घरात छप्पन्न असतात. डोक्यावर परिणाम झालाय बाईच्या. माझं बोलणंही हद्दीखाली गेलं होतं रे. त्याला कुणी वायर लावली नाही.

काय बघतोस दाराकडे? बस. दिवा लाल आहे अजून. आणि मला मावशी म्हणू नकोस. आल्यापासून म्हणतोयस, मी ऐकून घेतेय. मी तुझी मावशी नाही, तुझी काकू आहे.

हो, तेव्हाच. स्टूल पुसलंस तेव्हाच ओळखलं. तुझा बापही असाच पुसायचा, स्वच्छ स्टूल पुसून मग बसायचा, जणू बाकी जग चिखलात लोळतंय. आणि कान तुझ्या आजीचे. ‘एका ओळखीच्या पेशंटची खुर्ची आहे’ म्हणालास, मी मनात म्हटलं, म्हण. कुणाच्या मांड्यांखाली जाणार आहे ही ते ठाऊक असूनच वर घेतली मी टेबलावर. नाहीतर फरशीवरूनच वाळूत गेली असती. माझ्या दुकानात इतक्या वर्षांत एकही मेलेली उठली नाही. लोकांनी विनवण्या केल्या, दम दिला, डोळ्यांत पाणी आणलं. मी कुणाची उठवली नाही. आणि आज धक्का दिला. का दिला असेल, विचार कर. तू हुशार दिसतोस.

हे बघ. झाला हिरवा.

झाली जागी. आता चार्जर लाव घरी, घेईल. दारवान गप्प बसलाय, मी समजूत काढलीय त्याची. खुर्ची पळेल, अंगणात फिरेल, दाराबाहेर जाईल. आजही काही होणार नाही, उद्याही नाही. डॉक्टर मजेत बसेल हिच्यावर, म्हणेल बघा, उठली ना, मी सांगत नव्हतो? कागद वाचून पोळ्या फुगत नाहीत. आणि मग एखाद्या दुपारी, जेवण झाल्यावर, तो डोळा लावून पडलेला असताना — ने. ने की. उचल. मी तर तुला हवं तेच दिलं. निदान त्याला ओरडता येईल. मोठ्याने ओरडेल, नावं घेईल, सगळी गल्ली ऐकेल. मला एवढंच ओरडणं ऐकायचं होतं, त्याचं. त्याने एकदा कुणाला तरी हाक मारावी आणि जिन्यावर कुणी तरी अडकलेलं असावं.

काय?

पुन्हा सांग.

अजिबात नाही? एक शब्द नाही? कधीपासून — हॉस्पिटलातच वाचा गेली? म्हणजे ‘पाणी’ म्हणता येत नाही, ‘अगं’ म्हणता येत नाही —

थांब. हात लावू नकोस तिला. बाजूला हो.

वायर काढली. ती कात्री दे. नको, राहू दे, पकडीने आतल्या वायरी तोडते, एकेक, हे असं, म्हणजे एकमेकींना शिवणार नाहीत. झालं. आता डॉक्टरचा बाप आला तरी ही उठणार नाही. टाकली वाळूत. चिंधी बांधायची म्हणून बांधते, गाठ बघून ठेव, हीच. 

खूश होऊ नकोस. मी माफ केलेलं नाही. त्या शब्दाचा मला उपयोग नाही, मी तो कागदावरही कधी वाचला नाही. पण ज्याला ओरडता येत नाही त्याच्या खाली जळती बॅटरी ठेवायची, हे डॉक्टरचं काम, माझं नव्हे. हे आतून ओरडत होते म्हणून मला कळलं तरी. त्याला तेही नाही, खुर्चीतच — नको. एवढा सूड स्वस्त नाही माझा. इतकी वर्षं जपलाय तो, डोळ्यांत तेल घालून. मला वाटत होतं त्याच्या तोंडून एकदा ऐकेन, चौकात, सगळ्यांदेखत, ‘वहिनीने बांधली होती’. आणि याचं तोंडच गेलं. बघ, किती चलाख माणूस. सुटला.

मान हलते का त्याची?

हो म्हणायला हलते, नाही म्हणायला हलते? समजतं सगळं? डोळे फिरतात, माणूस ओळखतो? मग झालं. सुटला नाही.

आता नीट ऐक. खुर्चीला नवी बॅटरी मी बांधून देईन. माझ्या हाताने, एकेक नवी नळकांडी निवडून, आणि त्याला एक भोंगा लावीन, उतरायला लागली की घरभर कोकलेल. डॉक्टर जन्मभर वहिनीच्या बॅटरीवर फिरेल आणि तिच्या भोंग्याने दचकेल. पण ती न्यायला त्याने यायचं. इथे. तू ढकलत आणायचं. बॅटरी नाही म्हणून काय झालं, हात आहेत की तुला. रस्त्याने आण, मधल्या चौकातून, त्या जुन्या दुकानासमोरून, सावकाश, लोकांना बघू दे. टायरवाला बाहेर येईल, शेजारची शिवणवाली मशीन थांबवेल, मी दोघांना स्टूल देईन बसायला. मग मी डबी उघडेन, चिंधी त्याच्या मांडीवर ठेवेन, गाठीसकट, आणि एकच प्रश्न विचारेन. मी बांधली होती का नव्हती. त्याने मान हलवायची. उभी किंवा आडवी, जशी हलेल तशी. तू मधे बोलायचं नाहीस, त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा नाहीस, त्याच्या तोंडाची लाळही पुसायची नाहीस. तो रुमाल खिशात राहील.

आडवी हलवली तर? तर बस म्हणावं घरात, भिंतीकडे तोंड करून. आणि रोज जेवण झाल्यावर, डोळा लागायच्या आधी, तू त्याला तोच प्रश्न विचारायचा. मला कळेल विचारलास की नाही ते. तुझ्या कानांवरून कळेल, तुझ्या आजीचेही लाल व्हायचे.

नाही आणलंस तरी चालेल. मला घाई नाही, मी उतरत नाही.

आता ऊठ, जागा रिकामी कर, बाहेर गिऱ्हाईक उभं आहे. या हो, आत या. काही नाही, याचं झालं. ती तिथे नको, टेबलावर नको — खाली ठेवा, फरशीवर.